रंगमंचावरची क्रांती आणि रस्त्यावरची क्रांती
(विहारात झालेल्या भाषणातून)



ऑपेरा म्हणजे बहुतांशी गाऊन केलेले नाटक. आम्हा गिरणीवाल्यांना वाटायचे, हे साहेब लोकांचे चोचले. पण वाचता वाचता आम्हाला एक वेगळीच हकिकत सापडली.

इटलीतल्या नेपल्स शहरावर स्पेनच्या राजाची सत्ता होती. १६४७ साली तिथे फळांवर कर बसला. मासानिएल्लो नावाच्या गरीब कोळ्याने बंड पुकारले. सारे शहर त्याच्या मागे उभे राहिले. पण दहाएक दिवसांतच त्याचा खून झाला.

या खऱ्या उठावावर ओबेर या फ्रेंच संगीतकाराने ऑपेरा रचला. नाव 'पोर्तिचीची मुकी'. १८२८ साली पॅरिसला तो प्रथम झाला. त्यात मासानिएल्लोची बहीण फेनेला मुकी दाखवली आहे. व्हाइसरॉयच्या मुलाने तिला फसवलेले असते. बाकीचे सगळे गातात, ती एकटी हातवाऱ्यांनी सांगते. ही मुकी नाटककारांच्या कल्पनेतली. पण गरिबाचे दुःख तिने न बोलता मांडले.

२५ ऑगस्ट १८३० रोजी ब्रुसेल्सला त्याचा प्रयोग झाला. तो मुलूख तेव्हा हॉलंडच्या राजाखाली होता. देशप्रेमाचे गाणे झाले नि प्रेक्षक पेटले, लोक रस्त्यावर उतरले. ४ ऑक्टोबरला बेल्जियमने स्वातंत्र्य जाहीर केले. नाटकाने राज्य उलथले असे सांगतात, पण ते अर्धेच खरे. भाकरी महाग, हाताला काम नाही; सरपण आधीच रचलेले होते, नाटकाने काडी लावली.

आता पुढचे ऐका. कामगारांनी यंत्रे फोडली, सप्टेंबरात रस्त्यांवर लढून रक्त सांडले. पण १८३१ च्या घटनेने मत कोणाला दिले? ठराविक कर भरणाऱ्या पुरुषांना! सर्व पुरुषांना मत मिळाले १८९३ साली, त्यातही मालमत्तावाल्यांना जादा मते. एका पुरुषाला एकच मत व्हायला १९१९ उजाडले. सर्व बायांना संसदेसाठी मत देणारा कायदा झाला १९४८ साली. म्हणजे फेनेलाला वाचा फुटायला एकशे अठरा वर्षे गेली की हो!

बाबासाहेबांनी १९२८ सालीच सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला होता. आपल्या घटनेने तो बाई-पुरुष दोघांना एकदमच दिला. त्याचे मोल इथे कळते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, जलसा असो की ऑपेरा, तो माणसाला उठवतो. पण उठून काय मागायचे, हे आपण आधी बसून ठरवले पाहिजे. नाही तर लढायला आपण आणि बोलायला दुसरेच!

जयभीम!