चाक धुताना हातात काय घ्यावे?

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांची खांदशेकणी होते. बैलाला धुऊन-पुसून त्याच्या खांद्यावर हळद-तूप चोळतात. चोळता चोळता घरधन्याचा हात एखाद्या जागी थबकतो. जू घासून तिथे गाठ आलेली असते, नाही तर कातडे सोलवटलेले असते. बैल काही बोलून दाखवत नाही. ते हातालाच कळते. म्हणजे सण तर झालाच, आणि बैलाची तपासणीही झाली. आज मला एवढेच सांगायचे आहे, की मोटारीचे, जीपचे किंवा ट्रॅक्टरचे चाक धुणे हीसुद्धा एक खांदशेकणीच आहे. धुण्याचा निम्मा हेतू स्वच्छतेचा, आणि निम्मा पाहण्याचा. हे ज्याच्या ध्यानात राहील तो ब्रश कोणता घ्यावा, यात सहसा चुकायचा नाही.

पावसाळ्यात सकाळच्या वेळी नागपूरच्या सक्करदरा चौकात थोडा वेळ उभे राहावे. भिवापूर-उमरेडकडून उमरेड रोडने गाड्या येत असतात. कुणी भाजी घेऊन येतो, कुणी दवाखान्यात, कुणी ताजबागेला दर्शनाला. त्यांची चाके पाहा. रिम कुठे संपली आणि टायर कुठे सुरू झाला, हे कळत नाही. सगळे काळ्या मातीने लिंपलेले! आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि लोण्यासारखी चिकटते. वाळली की विटेसारखी कडक होते. त्यातच उमरेडकडे कोळशाच्या खाणी, म्हणजे कोळशाची धूळही आलीच. ही माती निघायची कशी, आणि ती काढताना चाकाचे नुकसान टाळायचे कसे, हा आजचा विषय.

या भागात एका गाड्या धुण्याच्या जागी मी मागे दोन गोष्टी एकाच सकाळी पाहिल्या. एक नवी मोटार होती. तिची चाके अलॉयची, ज्यांना आपल्याकडे मॅगव्हील म्हणतात ती. डाग निघेनात म्हणून एका पोराने स्वयंपाकघरातली तारेची घासणी घेतली आणि चाके अशी चकचकीत केली, की मालक खूष झाला. शेजारीच एक जुनी वडाप जीप उभी होती. दुपारी तिला लग्नाची माणसे घेऊन उमरेडला जायचे होते. तिच्या ड्रायव्हरने दात घासायचा जुना ब्रश घेऊन चाकाचा एक एक नट धुवायला घेतला. मालक हसला. म्हणाला, "काय गा, नवरदेवाचे दात घासतोस काय?" पण एका नटाच्या बुडातून तांबूस रेघा निघालेल्या त्या ड्रायव्हरला दिसल्या. त्याने पाना लावला, तर दोन नट ढिले! ते तिथेच आवळले गेले. आता सांगा, त्या सकाळी खरे चाक कुणी धुतले?

त्या चकचकीत चाकांचेही पुढे काय होते ते सांगतो. अशा चाकावर कारखान्यात लॅकरचा पातळ थर दिलेला असतो. तारेने तो खरवडला जातो. मग पावसाचे पाणी आत शिरते, आणि वर्ष-दोन वर्षांत पांढरट डाग आणि पापुद्रे दिसू लागतात. लोखंडी रिमचेही तसेच. रंग गेला की गंज आलाच. इथे गंज म्हणजे आपल्या वऱ्हाड-नागपूरकडचे पातेले नव्हे, लोखंडाला लागतो तो!

तेव्हा निवडीचा पहिला नियम असा: हत्यार मळापेक्षा कठीण असावे, पण ज्याच्यावरून मळ काढायचा त्याच्यापेक्षा मऊ असावे. भांडी घासणाऱ्या बायांना हे शिकवावे लागत नाही. लोखंडी तव्याला त्या वीट लावतील, पण काचेच्या बरणीला लावायच्या नाहीत.

आता एक एक जागा घेऊ.

टायर रबराचा, मजबूत. त्याला काथ्याचा किंवा जाड नायलॉनचा ताठ ब्रश चालतो. तो नसेल तर नारळाची शेंडीही चालेल. खाचांत अडकलेले खडे काढायला बांबूची कामटी घ्यावी. पेचकस घेऊ नये, कारण हात निसटला की टोक रबरात घुसते.

लोखंडी रिमला मध्यम नायलॉनचा ब्रश पुरे. तारेचा ब्रश आणायचा तो फक्त रंग मुळातच गेला असेल आणि नवा द्यायचा असेल तेव्हा, आणि तोही गंजलेल्या जागेपुरता. त्याच दिवशी तिथे गंजरोधक रंग लावावा. नाही तर तारेने उघडे केलेले लोखंड आधीपेक्षा लवकर खराब होते.

अलॉयच्या चाकाला मऊ ब्रश, स्पंज किंवा जुन्या सुती लुगड्याचा तुकडा वापरावा. वाळलेल्या घोसाळ्याची जाळीही पाण्यात भिजवली की मऊ पडते.

चाकाच्या आऱ्यांमधून आत हात जात नाही. तिथे बाटल्या धुण्याचा लांब ब्रश उपयोगी पडतो. पण त्याचा दांडा पिळलेल्या तारेचा असतो आणि तीच तार आऱ्यांना ओरखडे काढते. म्हणून सायकलच्या फुटक्या ट्यूबची पट्टी कापून दांड्याला आणि टोकाला गुंडाळावी. नटांच्या खोबणीला दात घासायचा जुना ब्रश, किंवा रंगाऱ्याचा अर्धा इंची ब्रश केस थोडे कापून आखूड केलेला. झाली सामग्री! यातले निम्मे तर घरातच सापडते.

दुसरा नियम पहिल्याहून महत्त्वाचा आहे. ओरखडे ब्रशने जितके पडतात, त्याहून अधिक ब्रशमध्ये अडकलेल्या रेतीने पडतात. कठीणपणा मोजण्याची मोहस् नावाची मोजपट्टी आहे. तिच्यात रेतीतल्या गारेचा क्रमांक ७ आहे, आणि ॲल्युमिनियमचा ३ च्याही थोडा खाली. म्हणजे मखमलीचा ब्रश घेतला, पण त्यात रेती असली, तर तो कानसच झाला! म्हणून आधी पाणी, मग ब्रश. चाकावर पाणी टाकून पाच-दहा मिनिटे माती भिजू द्यावी. मग भरपूर पाण्याने ती खाली उतरवावी, आणि त्यानंतरच ब्रश हाती घ्यावा. बादल्या दोन ठेवाव्या. एकीत साबणाचे पाणी, दुसरीत ब्रश खळबळून घ्यायचे साधे पाणी. आणि चाकाचा ब्रश किंवा फडका गाडीच्या अंगाला कधीही लावू नये.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे मुलांना दाखवायला खर्च लागत नाही. जर्मनच्या डब्याची दोन जुनी झाकणे घ्या. एक स्वच्छ ओल्या शेंडीने घासा. तीच शेंडी रेतीत दाबून दुसरे घासा. दोन्ही उन्हात धरून मुलांना फरक विचारा. दुसरा प्रयोग याहून मजेचा आहे. मोटारीच्या पुढच्या चाकांवर चिखलाहून वेगळी अशी एक बारीक काळपट पूड बसते. ती ओल्या फडक्याने टिपून घ्या, फडका बादलीभर पाण्यात पिळा, आणि तळाचा गाळ काचेच्या बाटलीत घालून बूच लावा. बाहेरून लोहचुंबक फिरवा. त्यातले कण चुंबकामागे धावतील. हे लोखंड आले कुठून? ब्रेक दाबला की ब्रेकची पट्टी बिडाच्या तबकडीवर घासते, दोन्ही थोडी थोडी झिजतात आणि ती पूड चाकावर उडते. ती तशीच राहिली तर ओलीने गंजते आणि तिचे तपकिरी डाग चाकाला चिकटून बसतात. म्हणून आठवड्याला मऊ ब्रश फिरवणाऱ्याला तारेच्या घासणीची गरजच पडत नाही.

ही पूड कोरडी असताना झाडू नका, फुंकू नका, हवेच्या पाइपानेही उडवू नका. जुन्या गाड्यांच्या ब्रेकपट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याचे तंतू फुफ्फुसाला फार घातक. पूड कोणतीही असो, ओली करूनच काढावी, आणि ते पाणी विहिरीजवळ टाकू नये.

आता काय वापरू नये ते ऐका. संडास धुण्याचे ॲसिड चाकाला लावू नये. धुण्याचा सोडाही अलॉयला लावू नये. जर्मनचे भांडे सोड्याने काळे पडते, हे घरोघरी ठाऊक आहे. अलॉयचे चाक म्हणजे बहुतेक तेच ॲल्युमिनियम. टायर काळाभोर दिसावा म्हणून काही जण डिझेल किंवा रॉकेल चोळतात. त्याने रबर फुगते, नरम पडते. तेल, मेण काहीही टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर किंवा ब्रेकवर जाऊ देऊ नये. दाबाच्या पाण्याचा फवाराही टायरच्या कडेला अगदी जवळून मारू नये. आणि गाडी लांबून आली असेल तर चाक निवल्यावरच पाणी घालावे. तापलेल्या तबकडीवर एकदम थंड पाणी पडणे बरे नव्हे. नागपूरच्या वैशाखात तर सावलीतच धुवावे, नाही तर साबण चाकावरच वाळतो.

धुऊन झाले की काम संपले असे समजू नका. आता कुठे ते सुरू झाले! टायरच्या कडेला चीर किंवा फुगवटा आहे का, पाहा. खाचांच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे असतात. मोटारीच्या टायरची नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली. आता टायर बदलायचा. चिखल भरलेल्या खाचेत हे दिसेल कसे? व्हॉल्व्हचे टोपण जागेवर आहे का, रिमला तडा आहे का, नटाभोवती तांबूस रेघा आहेत का, आणि आतल्या बाजूने तेल तर ओघळले नाही ना, हे सारे बघा. मग गाडी अगदी सावकाश थोडी चालवून ब्रेक दोन-चारदा दाबा. ओला ब्रेक नीट धरत नाही. तो सुकू द्या आणि मगच हमरस्त्याला लागा.

एक विनंती. सक्करदऱ्याला तलाव आहे, आपल्याही गावाला तलाव किंवा नाला असेल. गाडी पाण्यात उतरवून धुणे सोपे खरे. पण चाकाचे वंगण, ब्रेकची पूड आणि साबण तिथेच राहतो, आणि त्याच पाण्यावर आपली गुरे येतात. चार बादल्या पाणी वर आणावे आणि गाडी मोकळ्या जमिनीवर धुवावी.

आपल्या वाडवडिलांची बंडी होती. रानात निघण्यापूर्वी ते खाली वाकून तुंबा पाहत, आरे हलवून बघत, धाव सैल झाली का ते ठोकून पाहत. आता बंडीच्या जागी ट्रॅक्टर आला, जीप आली, वेग दसपट झाला. पण वाकून पाहण्याची सवय मात्र कमी झाली. खंडेनवमीला आपण गाडी धुतो, हार घालतो. त्या दिवशी एक जुना दात घासायचा ब्रश घेऊन चाकापाशी बसा, आणि मुलालाही शेजारी बसवा. नट किती आहेत ते त्याला मोजायला सांगा. चाक चकाकले तर उत्तमच. पण नाही चकाकले तरी चालेल, ते तुम्ही नीट पाहिले, हे महत्त्वाचे. त्या चाकावर घरची माणसे बसणार आहेत.