मेंढपाळाचे स्तोत्र



कवठे महांकाळच्या माळावर मेंढरं राखणारा धनगर तुम्ही पाहिलाच असेल. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. हा मुलूख अवर्षणाचा. अग्रणीचे पात्र कोरडे पडलेले इथल्या लोकांनी अनेकदा पाहिले आहे. अशा वेळी चारापाणी कुठे आहे, हे मेंढराला ठाऊक नसते. ते धनगराच्या हाकेमागे चालते, एवढेच.

बायबलातले तेविसावे स्तोत्र समजायला एवढी ओळख पुरे. अवघ्या सहा वचनांचे हे स्तोत्र परंपरेने दावीद राजाचे मानतात. राजा होण्याआधी दावीद बेथलेहेमात बापाची मेंढरं राखीत असे. इथे तो देवाला मेंढपाळ म्हणतो आणि आपण मेंढरू होतो.

आता त्यातली एक खुबी पाहा. आरंभी हिरवे कुरण आहे, संथ पाणी आहे. तिथे दावीद देवाविषयी बोलतो, 'तो' म्हणून. पुढे वाट काळोख्या दरीत उतरते, आणि नेमके तिथेच 'तो' जाऊन 'तू' येतो! सुखात ज्याचे वर्णन केले, त्याला संकटात हाक मारली. दरी काही टळत नाही. पण दरीत सोबत मिळते. काठीचाही धीर वाटतो. तीच लांडग्याला हाकलते, तीच चुकल्या मेंढराला वाटेवर आणते. विठ्ठलाला अरे-तुरे करणाऱ्या आपल्या वारकऱ्याला ही जवळीक नवी नाही.

पंडिता रमाबाईंनी अशी दरी प्रत्यक्ष तुडवली होती. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईबाप गेले, पुढे थोरली बहीणही. १८९६ साली पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणि विधवा आणून केडगावच्या मुक्ती सदनात सांभाळल्या. हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबल, अर्थात हे स्तोत्रही, त्यांनी साध्या मराठीत उतरवले. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा वारली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई गेल्या, आणि १९२४ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला.

स्तोत्र म्हटल्याने आटलेल्या विहिरीला पाणी येत नाही, हे खरेच. पण पुढे कुणी वाट दाखवणारा आहे, हा भरवसा असला म्हणजे माणूस पुढचे पाऊल टाकतो. आणि ज्याला धीर मिळाला, तो दुसऱ्याचा मेंढपाळ होतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, सर्वनामे शिकवताना मुलांना हा 'तो' आणि 'तू' यांतला फरक जरूर सांगा.