कृष्णेचें पाणी आणि भिंतीवरची खूण

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत दिलेलें भाषण)



महोत्सव समितीनें आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हां समितीच्या मनांत बहुधा आपल्या धर्मग्रामाचा पूर्वेतिहास असावा. परंतु पहिली मिस्सा कोठें झाली, घंटा कोणीं आणली, आरंभीं किती कुटुंबें होतीं, या गोष्टी याच पुस्तिकेंत आमच्याहून अधिक माहितगार मंडळींनीं लिहिल्या आहेत. आम्हीं विषय निवडला आहे तो कृष्णेच्या पाण्याचा. पन्नास वर्षांचा उत्सव आणि नदीचें पाणी यांचा संबंध काय, असें कोणी मनांत म्हणेल. तो संबंध पुढें ओघानें येईल.

सन २०१६ च्या एप्रिल महिन्यांत मिरजेच्या स्थानकांतून एक आगगाडी निघाली. तिच्या १० टाक्यांत सुमारें ५ लाख लिटर पिण्याचें पाणी होतें, आणि तें घेऊन ती सुमारें ३५० किलोमीटर दूर असलेल्या लातुरास गेली. तिला ‘जलदूत’ असें नांव मिळालें. पुढें टाक्यांची संख्या ५० वर गेली व एकेका खेपेस २५ लाख लिटर पाणी जाऊं लागलें. एका शहराची तहान आगगाडीनें भागवावी लागते हें पाहून पुष्कळांस तेव्हां गहिंवरून आलें. आणि खरें सांगावयाचें तर थोडा अभिमानहि वाटला, कीं आपली कृष्णा दुसऱ्यास देण्याइतकी समर्थ आहे.

त्यानंतर सवातीन वर्षांनीं, २०१९ च्या ऑगस्टांत, त्याच कृष्णेनें सांगलीस आयर्विन पुलापाशीं ५७ फुटांची खूण ओलांडली. तेथें धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. शहराच्या पेठा पाण्याखालीं गेल्या, कांठचीं गांवें बेटें झालीं, आणि ८ ऑगस्ट रोजीं पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें लोकांस बाहेर काढणारी बोट उलटून अनेक माणसें, त्यांत लेंकुरवाळ्या स्त्रियाहि, बुडून गेलीं. त्याच वर्षाच्या उन्हाळ्यांत माण, आटपाडी, जत या भागांत जनावरांसाठीं चारा-छावण्या उघडाव्या लागल्या होत्या, हें येथें विसरूं नये.

पूर ओसरल्यावर आम्ही कांहीं मंडळी नदीकांठच्या एका वस्तींत गाळ उपसण्यास गेलों होतों. तेथील एका वृद्ध बाईंनीं आम्हांस घराच्या भिंतीवरची एक फिकट रेघ दाखविली. त्या म्हणाल्या, “बाबांनो, २००५ सालीं पाणी इथवर आलं होतं. म्हणून यंदा सगळं त्याच्या वर, फळीवर ठेवलं.” पाणी फळीच्याहि वर हातभर गेलें होतें. शिधापत्रिका, नातवाचीं पुस्तकें, सुनेच्या लग्नांतलीं लुगडीं, सारें चिखलांत होतें. बाईंची यांत काय चूक? त्यांनीं आयुष्यांतला सर्वांत मोठा पूर ध्यानांत ठेविला होता व त्याप्रमाणें वागल्या होत्या. इंजिनिअर लोकहि याहून निराळें कांहीं करीत नाहींत. नदीकांठीं जी निळी रेषा आंखतात ती सरासरी २५ वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची, व लाल रेषा १०० वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची. आणि दोन्ही आंखतात त्या मागील नोंदींवरून. आतां पहा: २००५ सालीं आयर्विन पुलापाशीं पाणी सुमारें ५४ फुटांवर आलें, २०१९ सालीं ५७ वर, आणि २०२१ च्या जुलैंत पुन्हां सुमारें ५५ वर. सतरा वर्षांच्या आंत तीन वेळां. मागच्या पुराची खूण ही पुढच्या पुराची मोजपट्टी राहिली नाहीं, एवढेंच आम्हांस आज सांगावयाचें आहे. आणि ती कां राहिली नाहीं, हें समजून घेतल्यावांचून पुढें काय करावें तेंहि समजणार नाहीं.

पृथ्वीस सूर्यापासून ऊब मिळते, आणि मिळालेली ऊब ती पुन्हां आकाशांत सोडून देते. ही परत जाणारी ऊब हवेंतील कांहीं वायु वाटेंत अडवितात. माणदेशांतील मेंढपाळ थंडींत घोंगडी पांघरतो. घोंगडी स्वतः ऊन नसते, ती अंगाची ऊब जाऊं देत नाहीं इतकेंच. कर्बवायु, ज्यास शास्त्रज्ञ कार्बन डायॉक्साइड म्हणतात, तो या घोंगडीचा एक मुख्य धागा होय. हें ज्ञान आजकालचें नाहीं. युनिस फूट नांवाच्या अमेरिकन बाईंनीं १८५६ सालीं कांचेच्या नळ्या उन्हांत ठेवून दाखविलें कीं, कर्बवायु भरलेली नळी सर्वांत अधिक तापते. जॉन टिंडल यांनीं १८५९ पासून याचीं मोजमापें घेतलीं, आणि स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनीं १८९६ सालीं गणित मांडलें कीं, दगडी कोळसा जाळून हा वायु वाढत गेला तर सारी पृथ्वी तापेल.

कारखान्यांचें युग सुरू होण्यापूर्वीं हवेच्या १० लाख भागांत या वायूचे सुमारें २८० भाग होते. चार्ल्स कीलिंग यांनीं हवाई बेटांतील एका पर्वतावर १९५८ सालीं नियमित मोजणी सुरू केली तेव्हां ते ३१५ च्या जवळ होते. आतां ते ४२० च्या वर गेले आहेत. घोंगडी जाड झाली. २०२४ हें वर्ष जुन्या काळाच्या सरासरीहून सुमारें दीड अंशानें अधिक उष्ण ठरलें. दीड अंश म्हणजे काय मोठेंसें, असें वाटणें साहजिक आहे. परंतु घरांत कोणास दीड अंश ताप अधिक असला तर आपण डॉक्टरांस बोलावतोंच.

आतां कृष्णेकडे वळूं. हवा एका अंशानें तापली कीं तिच्यांत सुमारें सात टक्के अधिक वाफ मावते. अरबी समुद्र तापत आहे. त्यावरून येणारा वारा अधिक ओलावा घेऊन येतो, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर तो ओलावा थोडक्या दिवसांत ओततो. पावसाची वर्षाची बेरीज फारशी बदलली नाहीं तरी वांटणी बदलते: मधले कोरडे दिवस लांबतात आणि पडतो तेव्हां कोसळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेंतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी यांनीं २०१७ सालीं दाखविलें कीं, १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारतांत दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीनें वाढले. महाबळेश्वरास जेथें कृष्णा व कोयना उगम पावतात, तेथें २०२१ च्या २२-२३ जुलैस चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. माण-आटपाडीकडे एवढा पाऊस सामान्यतः वर्षभरांतहि पडत नाहीं. त्याच सुमारास पाटण तालुक्यांत आंबेघर, मिरगांव, ढोकावळे येथें डोंगर खचून घरेंच्या घरें गाडलीं गेलीं. सातारकरांचें दुःख सांगलीच्या बातम्यांखालीं झांकलें जातें, म्हणून हीं नांवें आम्ही मुद्दाम उच्चारतों.

येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. अमुक एक पूर सर्वस्वी हवामानबदलानेंच आला, असें कोणी छातीठोकपणें म्हणूं लागला तर तें शास्त्र नव्हे. पूर पूर्वींहि येत. ओढेनाले बुजवून आपणच दुकानें व बंगले उठविले, नदीचें पात्र आंवळलें. याउलट, सारा दोष एका अलमट्टी धरणाचा, असें म्हणून हात झटकणेंहि बरोबर नाहीं. नंदकुमार वडनेरे यांच्या समितीनें २०२० सालीं जो अहवाल दिला, त्यांत असाधारण पाऊस व पात्रांतील अतिक्रमणें यांवर बोट ठेविलें, अलमट्टीवर नव्हे. अलमट्टीची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याचा कर्नाटकाचा मानस आहे, आणि त्यास सांगलीकर हरकत घेतात तें त्यांनीं अवश्य घ्यावी. पण उद्यां अलमट्टी मुळींच नसती तरी महाबळेश्वरावरचा पाऊस थांबला नसता.

खरा पेंच कोयनेच्या दारांत आहे. त्या धरणांत १०५ अब्ज घनफुटांहून थोडें अधिक पाणी मावतें. त्याच पाण्यावर वीज होते, त्याच पाण्यावर शेतें भिजतात. म्हणून पावसाळा संपतांना धरण भरलेलें असावें अशी सर्वांची इच्छा. पुरापासून बचाव व्हावा तर जुलै-ऑगस्टांत तेंच धरण कांहीं रिकामें ठेविलें पाहिजे. रिकामें ठेविलें आणि पुढें पावसानें दडी मारली, तर एप्रिलांत त्याच अधिकाऱ्यांस आपण शिव्या देणार. पूर्वीं याचें कोष्टक जुन्या पावसाच्या नोंदींवरून बसवीत. आतां तें कोष्टक दर आठवड्याच्या अंदाजावर हलतें ठेवावें लागेल, आणि अंदाज कधीं चुकेल हेंहि गृहीत धरावें लागेल. हें काम अवघड आहे. ज्यांस तें करावें लागतें त्यांजविषयीं बोलतांना आपण थोडी दया बाळगावी असें आम्हांस वाटतें.

पुराचें पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांस द्यावें, ही सूचना प्रत्येक सभेंत टाळ्या घेते. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांनीं कृष्णेचें पाणी चढावर नेलें व कांहीं माळांचें रूप पालटलें, हें आम्ही कृतज्ञतेनें मान्य करतों. पण पूर चार दिवसांत वाहून जातो; पंपांची ताकद त्यापुढें ओंजळीएवढी. शिवाय हे पंप विजेवर चालतात आणि देशांतील सुमारें तीन-चतुर्थांश वीज अजून कोळशाची आहे. हवा बिघडविणाऱ्या धुरानें हवा बिघडल्याचें दुःख निवारावें, अशी ही तऱ्हा होय. सातारच्या चाळकेवाडी व वनकुसवडे पठारांवर पवनचक्क्या फिरतात, त्या या कामीं किती जुंपतां येतील, याची चर्चा व्हावी. आणि चढावर नेलेलें पाणी कोणत्या पिकास द्यावयाचें, याचीहि. ऊंसाचें नांव निघतांच सभेंतील चेहरे कसे होतात तें आम्हांस ठाऊक आहे. समोर बसलेल्यांपैकीं पुष्कळांच्या मुलांचीं शिक्षणें ऊंसावर झालीं आहेत, आमचींहि. तरी जेथें पाणी डोंगर चढवून आणावें लागतें तेथें पाटानें ऊंस भिजविणें आम्हांस शोभत नाहीं, ठिबकाची गोष्ट निराळी.

जागतिक परिषदांचा इतिहास थोडक्यांत आटोपतों. १९८८ सालीं शास्त्रज्ञांचें आंतरसरकारी मंडळ स्थापन झालें, १९९२ सालीं रिओ येथें करार झाला, १९९७ सालीं क्योटो येथें श्रीमंत राष्ट्रांनीं धूर कमी करण्याचें बंधन घेतलें, आणि २०१५ सालीं पॅरिस येथें सर्वांनीं मिळून ठरविलें कीं, तापमानाची वाढ दोन अंशांच्या पुष्कळ खालीं, शक्य तर दीड अंशावर, रोखावी. भारतानें २०२१ सालीं ग्लासगो येथें जाहीर केलें कीं, २०७० पर्यंत आपण हवेंत घालूं तितकेंच काढूं. अमेरिकेनें मात्र २०२५ च्या जानेवारींत पॅरिस करारांतून दुसऱ्यांदा बाहेर पडण्याचें घोषित केलें. भारतांत दर माणशीं वर्षाला सुमारें २ टन कर्बवायु निघतो, अमेरिकेंत १३ टनांहून अधिक. भिंतीवरची रेघ दाखविणाऱ्या त्या बाईंचा वांटा तर एखाद्या टनाचाहि नसेल. २०२२ सालीं इजिप्तमधील परिषदेंत अशा हानीच्या भरपाईसाठीं निधि मान्य झाला. त्यांतील एक पै त्या वस्तीपर्यंत कशी पोंचेल, हें सांगणारा अधिकारी आम्हांस अद्याप भेटला नाहीं.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकांत हवामान हा सर्वांचा समाईक ठेवा आहे व श्रीमंत राष्ट्रांवर गरिबांचें ऋण आहे, असें स्पष्ट लिहिलें. २०२३ सालीं त्यांनीं याच विषयावर पुन्हां लिहिलें, तेव्हां त्यांचा सूर अधिक कडक होता. मधल्या आठ वर्षांत फारसें झालें नव्हतें. हें परिपत्रक आपल्या वाचनालयांत आहे. त्याचीं पानें अजून न फाटतां एकमेकांस चिकटलेलीं आम्हांस आढळलीं.

आतां आपल्या घरचें. आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबें निळ्या रेषेच्या आंत राहतात. त्यांस ‘तेथें कां राहतां’ असें विचारणें सोपें आहे. वर जागेचा भाव काय, हेंहि विचारणाऱ्यास ठाऊक असतें. पुनर्वसनाचा प्रश्न सरकार-दरबारीं नेण्यासाठीं आपण पांच माणसांची मंडळी नेमावी, आणि त्यांत निदान दोघे जण त्या वस्तींतील असावेत. दुसरें, चर्चच्या आवारांत एक पर्जन्यमापक बसवावा, आणि शाळेच्या मुलांनीं रोज सकाळीं साडेआठला नोंद करावी. बाप्तिस्म्याच्या वह्या आपण पन्नास वर्षें जपल्या, त्याच कपाटांत ही वही राहूं द्यावी. कपाट मात्र तळमजल्यावरून हलविलें पाहिजे. २०१९ सालीं पाणी त्या खोलीच्या दोन पायऱ्या खालीं थांबलें होतें, आणि ‘तेथवर कधीं येत नाहीं’ असें अजूनहि आपल्यांत म्हटलें जातें.

तिसरें काम खर्चाचें नाहीं. सभागृहाची माडी पुराच्या वेळीं शंभर माणसांस निवारा देऊं शकते. आयर्विन पुलापाशीं पाणी ४० फुटांवर गेल्याची बातमी येतांच, कोणाच्या परवानगीची वाट न पाहतां, ती उघडावी. मागील खेपेस कुलूप तोडावें लागलें, कारण किल्ली ज्यांजकडे होती ते सद्गृहस्थ स्वतःच पाण्यानें वेढले गेले होते. किल्ल्या तीन कराव्या व त्या तीन निरनिराळ्या गल्ल्यांत, उंचावरच्या घरीं ठेवाव्या. कोणाकडे, तें समितीनें आज रात्रींच्या जेवणापूर्वींच ठरवावें. जेवणानंतर मंडळी पांगतात.