आधी फोटो वाचवा, मग संगणक

(मंडळाच्या सभागृहात सभासद व कुटुंबीयांसाठी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



चिटणीसांनी मला दिलेला विषय असा: घरचा संगणक सारखा बंद पडतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो, त्याचं काय करायचं? गेल्या वर्षभरात याच तक्रारीसाठी आपल्यापैकी पाच-सहा घरी मी चहा पिऊन आलो आहे, म्हणून हा विषय माझ्या वाट्याला आला असावा. संगणक बिघडला की मुलं फोनवरून सांगतात, "बाबा, एकदा बंद करून चालू करा." पण जो आपणहूनच बंद होऊन चालू होतो, त्याला काय सांगणार?

उपाय सांगतोच. पण त्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. ती ऐकलीत तर पुढचं सगळं विसरलात तरी चालेल.

२००६ ची रेल इथे बसलेल्या बहुतेकांनी अंगावर घेतली आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी उकाईचं पाणी शहरात शिरलं आणि विसर्ग वाढत वाढत नऊ लाख क्युसेकच्या घरात गेला. आम्ही तेव्हा अडाजणला तळमजल्यावर राहत होतो. घरात छातीएवढं पाणी होतं. ते ओसरल्यावर चिखल उपसताना आईच्या ट्रंकेत फोटोंचे अल्बम सापडले. सगळे भिजलेले, पानं एकमेकांना चिकटलेली. त्या वर्षी २७ ऑगस्टला गणपती बसायचे होते. आरास कसली करणार? आमच्या बैठकीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या होत्या आणि चिमटे लावून फोटो वाळत घातले होते. आई एकेक फोटो स्वच्छ पाण्यात सोडवायची आणि मी टांगायचो. सहाशेच्या वर फोटो वाचले.

पुढच्या उन्हाळ्यात मी स्कॅनर आणला आणि ते सगळे संगणकात घातले. मूळ फोटोंना बुरशी धरत होती, वास येत होता. "आता संगणकात आहेतच," असं म्हणून त्यातले बरेचसे आम्ही टाकून दिले.

२०१० च्या पावसाळ्यात तो संगणक दहा-पंधरा मिनिटं चालून धाडकन बंद पडायला लागला. लगेच पुन्हा सुरू व्हायचा, पुन्हा बंद. मला वाटलं, व्हायरस असणार. एका रविवारी सकाळी बसलो, डिस्क फॉरमॅट केली, विंडोज नव्याने घातलं. अर्ध्या तासाच्या आत नवाकोरा विंडोज असलेला तोच संगणक तसाच बंद पडला. तेव्हा कुठे मी कॅबिनेटचं झाकण उघडलं. बहिणीचं फॉल-पिकोचं काम त्याच खोलीत चालायचं आणि कॅबिनेट तिच्या मशीनशेजारी जमिनीवर होतं. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धाग्यांचा भुसा बसून बसून नमद्यासारखी पट्टी झाली होती. चिमट्याने ओढली तर अख्खी निघाली. पट्टी काढली, संगणक दिवसभर चालला. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली.

फोटो मात्र गेले. रेलने जे ठेवलं होतं, ते मी घालवलं.

आता माझी चूक नेमकी कुठे झाली ते पाहा. झटपट फॉरमॅट केल्याने जुन्या साध्या डिस्कवरचा मजकूर लगेच पुसला जात नाही, त्याची अनुक्रमणिका तेवढी जाते. तिथेच थांबलो असतो तर बहुतेक फोटो परत मिळाले असते. मी त्यावर नवीन विंडोज लिहिलं, मग इतर प्रोग्रॅम घातले, आणि दोन दिवसांनी लक्षात आलं की फोटोंची दुसरी प्रत कुठेच नाही. परत मिळवण्याचे प्रोग्रॅम चालवले. काही फोटो पूर्ण आले, काही अर्धे, उरलेला अर्धा राखाडी.

म्हणून पहिला नियम: संगणक आजारी पडला की आधी आतला ऐवज बाहेर काढायचा. दहा मिनिटं चालत असेल तर त्या दहा मिनिटांत जे पुन्हा मिळणार नाही ते पेनड्राइव्हवर घ्या. फोटो आधी, घराचे कागद नंतर, सिनेमे आणि गाणी सर्वांत शेवटी. पाच मिनिटंही टिकत नसेल तर सारखं चालू करून पाहू नका. डिस्क काढून घ्या. ती यूएसबीच्या डबीत बसवून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. जवळपासचा कुणीही जाणकार हे करून देईल. फॉरमॅट हा शब्द त्यानंतर.

दुसरा नियम: "काय झालं" यापेक्षा "केव्हा झालं" हे महत्त्वाचं. वैद्यबुवा विचारायचे ना, ताप सकाळी येतो की संध्याकाळी? तसंच. एक वही ठेवा. बंद पडला की वेळ लिहा, सुरू करून किती मिनिटं झाली होती, त्यावर काय चाललं होतं, घरात त्या क्षणी काय चालू झालं. चार दिवसांच्या नोंदी पुरतात.

समजा वहीत असं दिसलं की थंड संगणक सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटं बरा चालतो, व्हिडिओ लावला किंवा नातवाने गेम उघडला की जातो, आणि दुपारी जास्त त्रास देतो. ही उष्णता. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की जळू नये म्हणून स्वतःलाच बंद करतो. म्हणजे हे बंद पडणं हा मशीनचा शहाणपणा आहे. आपल्या सुरतेत याला खास कारण आहे. घराघरात साड्यांचं काम, लेस, धागा-कटिंग, शेजारी कुठेतरी लूम; त्यात पावसाळ्याची दमट हवा. नुसती धूळ फुंकून जाते, दमट धूळ चिकटून बसते. उपाय: प्लग काढा, झाकण उघडा, कॅबिनेट गॅलरीत न्या, ब्लोअरने हवा मारा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भलत्याच वेगाने फिरून खराब होतं. ओलं फडकं आत घालू नका. वर्षातून दोनदा हे करा, दिवाळीच्या साफसफाईत एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा. संगणक चार-पाच वर्षांचा असेल तर पंख्याखालची वाळलेली पेस्टही बदलून घ्या. आणि कॅबिनेट जमिनीवरून उचला, एक पाट पुरतो.

वहीत दुसरं चित्र असं दिसेल: फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला, पाण्याची मोटर लावली किंवा दिवे क्षणभर मंदावले की संगणक गेला. हा विजेचा दोष. इथे पहिला संशय यूपीएसवर घ्या. त्याची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षं टिकते. ती संपली की यूपीएसचा हिरवा दिवा लागलेलाच असतो, पण ऐनवेळी मदत शून्य. दुसरा संशय ढिल्या प्लगवर आणि एकातून एक काढलेल्या एक्स्टेन्शन बोर्डांवर. तिसरा अर्थिंगवर: कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमन बोलवा, संगणकवाला नंतर. हे सगळं ठीक असेल तर कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय. तो २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देतो, आणि म्हातारा झाला की भार पडताच मान टाकतो. तो बदलायचा, उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात काही काळ तीनशे व्होल्टच्या वर साठा राहू शकतो.

कधी बंद पडण्याला ताळतंत्रच नसतं. कधी सुरू होतानाच, कधी नुसतं पत्र टाइप करताना, आणि दर वेळी निळ्या पडद्यावर नवाच संदेश. अशा वेळी रॅम म्हणजे मेमरी तपासा. पट्टी काढून, तिची सोनेरी कड साध्या खोडरबराने हलकेच पुसून, बारीक कण झटकून पुन्हा घट्ट बसवली की निम्म्या वेळा काम होतं, हा माझा अनुभव. दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून चालवून पाहा. विंडोजमध्येच 'मेमरी डायग्नोस्टिक' नावाची तपासणी आहे, ती रात्री लावून झोपा. आणि संगणक बंद पडण्याआधी अडकत असेल, डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर डिस्क जाते आहे. पुन्हा पहिला नियम.

तो निळा पडदा अनेकांना वाचताच येत नाही, कारण विंडोज लगेच स्वतःला पुन्हा सुरू करतं. ही सवय बंद करता येते. 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' शोधा, तिथे 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'मध्ये 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'समोरची खूण काढा. आता पडदा थांबेल, मोबाइलने फोटो काढा. निळा पडदा न येता लाइट गेल्यासारखा एकदम अंधार होत असेल, तर संशय उष्णतेवर किंवा विजेवर जास्त. आणि दुकानात कुणी विंडोजच्या नोंदवहीतली 'कर्नल-पॉवर ४१' ही ओळ दाखवून "पॉवर सप्लाय गेला" म्हणालं तर लगेच पैसे काढू नका. ती नोंद एवढंच सांगते की मशीन रीतसर बंद न होता बंद झालं. कारण सांगत नाही.

दोष दर वेळी यंत्रात असतो असंही नाही. १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवा. विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून देत होते. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले, सुरू झाले, पुन्हा निळे पडले. एकाचाही पंखा तुंबला नव्हता. बहुतेक ठिकाणी माणसाने एकेका मशीनपुढे बसून ते सेफ मोडमध्ये सुरू केलं आणि ती एक फाइल काढून टाकली. आपल्या घरीही हाच उपाय. नवीन प्रिंटर जोडल्यावर, नवीन प्रोग्रॅम घातल्यावर किंवा अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर शिफ्टची कळ दाबून धरून रीस्टार्ट करा, तिथून सेफ मोडमध्ये जा. तिथे तासन्‌तास नीट चालला तर शेवटी जे घातलं ते काढा.

संगणक दुकानात द्यावा लागला तर तीन गोष्टी करा. वहीतल्या नोंदी सोबत द्या. "मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका" हे पावतीवर लिहून घ्या. बदललेला जुना भाग परत मागा. आणि आपल्या गावाला साजेशी चौथी गोष्ट: पुराचं पाणी येण्याची शंका आली तर प्लग काढून संगणक माळ्यावर. भिजलाच तर "चालतो का पाहू" म्हणून बटण दाबू नका. डिस्क काढून जाणकाराकडे द्या, बाकी वाळू द्या.

शेवटी माझ्या फोटोंचं पुढे काय झालं ते सांगतो. त्यात आई-बाबांच्या लग्नाचा फोटो होता, १९६८ चा. आई मला काही बोलली नाही. त्या वर्षी गौरींना अमळनेरहून मामा आले. त्यांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, तो फोटो आमच्याकडे भिंतीवर आहे की! तुझ्या आजोबांनी लग्नानंतर सगळ्यांना एकेक प्रत पोस्टाने पाठवली होती." मग मी नाशिक, धुळे, बडोदा, सगळीकडे फोन केले. वर्षभरात दीडशेच्या आसपास फोटो परत जमले.

संगणकाच्या पुस्तकांत नियम सांगतात: तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. माझ्या आजोबांनी संगणक पाहिला नव्हता, पण घराबाहेरची प्रत त्यांनी ठेवली होती. मी संगणकवाला, माझ्याकडे ती नव्हती.

आपल्या बाबतीत त्या नियमात मी थोडी भर घालतो. घराबाहेरची प्रत तापीच्या काठाबाहेरही असू द्या. पेनड्राइव्ह वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याकडे असेल तर चांगलंच, पण एक प्रत पुण्याच्या लेकीकडे किंवा नाशिकच्या भावाकडे असू द्या. या गणपतीत पाहुणे येतील. प्रसादाच्या पुडीबरोबर त्यांच्या हातात एक पेनड्राइव्हही द्या आणि त्यांच्याकडच्या जुन्या फोटोंची प्रत मागून घ्या. मग घरचा संगणक दिवसातून दहा वेळा बंद पडला तरी तुम्ही शांतपणे वही काढून वेळ लिहाल.

गणपती बाप्पा मोरया!