शेवटचा चेंडू कुणाच्या हाती?



21 मे 2007. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराजवळ एनबीए या बास्केटबॉल लीगच्या उपांत्य मालिकेतला पहिला सामना चालू आहे. क्लीव्हलँडचा संघ दोन गुणांनी मागे, सामना संपायला मोजून पाच-सहा सेकंद. चेंडू बावीस वर्षांच्या लेब्रॉन जेम्सकडे. तो मुसंडी मारून रिंगपर्यंत पोहोचतो, डेट्रॉइटचे खेळाडू त्याच्या अंगावर धावून येतात, आणि तो चेंडू कोपऱ्यात एकट्या उभ्या असलेल्या डॉनियेल मार्शलकडे देतो. मार्शल लांबून मारण्यात तरबेज. बास्केट झाला असता तर तीन गुण आणि विजय. तो चुकला. क्लीव्हलँड 79–76 असं हरलं, आणि दुसऱ्या दिवसापासून लेब्रॉनच्या नावाला एक आरोप चिकटला: ऐन वेळी हा कच खातो, जबाबदारी दुसऱ्यावर ढकलतो.

आता दहा वर्षं मागे जाऊ या. 1997 च्या अंतिम मालिकेचा सहावा सामना, शिकागो विरुद्ध युटा, 86–86 अशी बरोबरी. शिकागोच्या मायकेल जॉर्डनला दोघांनी घेरलं आणि त्याने चेंडू मोकळ्या स्टीव्ह करला दिला. करने बास्केट केला, शिकागोला विजेतेपद मिळालं. त्या पासला आजही सगळे जॉर्डनचं शहाणपण म्हणतात, आणि ते शहाणपणच होतं. दोन मोठे खेळाडू, दोघांनी वाचलेला डाव एकच: माझ्यावर दोघे आहेत, म्हणजे माझा कुणीतरी सोबती मोकळा आहे. एकाच्या सोबत्याचा नेम लागला, दुसऱ्याच्या सोबत्याचा चुकला. एवढ्यावरून एकाला धीरोदात्त आणि दुसऱ्याला भित्रा ठरवणं मला मान्य नाही.

त्याच डेट्रॉइट मालिकेतला पाचवा सामना तर मुद्दाम सांगायला हवा. दोन जादा डावांपर्यंत रंगलेल्या त्या लढतीत क्लीव्हलँडच्या शेवटच्या 30 गुणांपैकी 29 गुण लेब्रॉनचे होते, आणि त्यातले शेवटचे 25 तर सलग. एकूण 48. डेट्रॉइटच्या बचावाचा तेव्हा सगळ्या लीगमध्ये दरारा होता. तरी शेवटच्या दोन-तीन सेकंदांत हा मुलगा त्यांच्यामधून वाट काढत गेला आणि 109–107 असा सामना घेऊन गेला. दहा दिवसांपूर्वी ज्याला घाबरट म्हटलं होतं, तोच हा.

पण मी त्याची वकिली करायला बसलेलो नाही. 2011 बद्दल बोललंच पाहिजे.

त्याच्या आदल्या वर्षी, जुलै 2010 मध्ये, आपण क्लीव्हलँड सोडून मायामीला जात असल्याचं त्याने एका तासाच्या टीव्ही कार्यक्रमात जाहीर केलं. अॅक्रन हे त्याचं जन्मगाव क्लीव्हलँडच्या शेजारचं. घरच्या माणसाने भर चौकात घर सोडावं तसं ते लोकांना लागलं, रस्त्यांवर त्याच्या जर्सी जळाल्या. वर्षभर साऱ्या अमेरिकेचा रोष अंगावर घेऊन तो अंतिम मालिकेत उतरला, समोर डॅलस. आणि तिथे तो खरोखरच विझला. मोसमात सामन्याला सरासरी जवळजवळ 27 गुण करणारा हा खेळाडू त्या मालिकेत 18 वरही पोहोचला नाही. चौथ्या सामन्यात त्याचे गुण 8. डॅलस क्षेत्र-बचाव लावून रिंगकडची वाट अडवत होतं, आणि तो लांब उभा राहून चेंडू आला की लगेच पुढे सरकवत होता. मोकळ्या माणसाला दिलेले पास ते नव्हते. त्याला चेंडू हातात नकोच होता. मायामी 4–2 हरलं, आणि त्या पराभवाचा मोठा वाटा त्याचाच आहे. त्याचे चाहते इथे सबबी शोधतात. मला एकही पटलेली नाही.

मात्र त्यानंतर त्याने काय केलं, तेही तितक्याच काटेकोरपणे पाहायला हवं. त्या उन्हाळ्यात तो ह्यूस्टनला हकीम ओलाजुवॉन या जुन्या दिग्गज खेळाडूकडे गेला आणि रिंगला पाठ करून खेळण्याचं तंत्र शिकला, म्हणजे डॅलसने नेमकं जे दुखणं उघडं पाडलं होतं त्यावरचं औषध. पुढच्याच वर्षी, जून 2012 मध्ये, बॉस्टनच्या मैदानावर मायामी 3–2 असं मागे होतं. हरलो तर गाशा गुंडाळायचा, अशा त्या सामन्यात त्याने 26 पैकी 19 शॉट आत घातले, 45 गुण आणि 15 रिबाउंड. त्या संध्याकाळी त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आनंदही नव्हता. दडपणाखाली माणूस बदलू शकतो का, असं मला कुणी विचारलं तर मी त्याला हाच सामना बघायला सांगतो.

मायामीचं 2013 चं विजेतेपद त्याचा सोबती रे अॅलन याच्या तीन गुणांनी वाचलं, तेही लेब्रॉनचा शॉट हुकल्यावर. त्या विजयाचं सगळं श्रेय त्याला देणारेसुद्धा निकालाकडे पाहूनच बोलतात, हे त्यांनी मान्य करावं.

आणि मग 2016. तो क्लीव्हलँडला परतलेला. समोर 73 सामने जिंकण्याचा विक्रम केलेलं गोल्डन स्टेट, आणि अंतिम मालिका 1–3. पाचव्या सामन्यात 41 गुण, सहाव्यात पुन्हा 41. सातव्या सामन्याच्या वेळी आपल्याकडे सोमवारची सकाळ उजाडली होती. 89–89 वर गुणफलक जवळजवळ पावणेचार मिनिटं गोठला होता. दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरलेला असताना गोल्डन स्टेटचा आंद्रे इगुडाला रिंगकडे निघाला. लेब्रॉन मागून साऱ्या कोर्टची लांबी धावत आला आणि त्याने चेंडू बोर्डवर दाबून अडवला. पुढचे तीन गुण त्याचा सोबती कायरी आयर्विंग याचे. निर्णायक शॉट लेब्रॉनने मारलेला नाही, तरी तो सामना त्याचा आहे. क्लीव्हलँडला 1964 नंतर कुठल्याच मोठ्या खेळात विजेतेपद मिळालं नव्हतं. ते 93–89 असं मिळालं.

वाद घालणारे शेवटी आकड्यांवर येतात: जॉर्डन अंतिम फेरीत सहापैकी सहा, लेब्रॉन दहापैकी चार. जॉर्डनचा पराक्रम मोठाच, अंतिम मालिकांपुरतं बोलायचं तर मीही त्यालाच वर ठेवतो. पण जॉर्डन पहिल्या तीन वर्षांत पहिल्याच फेरीत बाद झाला होता, त्या पराभवांची नोंद या हिशेबात नाही. लवकर हरलेल्याला माफी आणि शेवटपर्यंत लढून हरलेल्याला दूषण, हा न्याय उफराटा आहे. 2015 मध्ये आयर्विंग आणि केव्हिन लव्ह हे त्याचे दोघे सोबती जायबंदी असताना लेब्रॉनने सामन्याला जवळजवळ 36 गुण केले आणि तो हरला. ती हार त्याच्या खात्यात उणी म्हणून मांडायला माझी तयारी नाही.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या वेळी कुणी तुमच्यासमोर ‘दहापैकी चार’ एवढंच म्हणून विषय संपवू लागला, तर त्याला 2011 चा चौथा आणि 2012 चा बॉस्टनमधला सामना, दोन्ही पूर्ण पाहायला सांगा. आणि हेही सांगा की 2011 ते 2018 अशी सलग आठ वर्षं हा खेळाडू अंतिम मालिकेत होता. साठच्या दशकातल्या बॉस्टनच्या खेळाडूंनंतर हे दुसऱ्या कुणालाही साधलेलं नाही.