दारचा ताटवा आणि पाण्याचा हिशेब



कामगार संघटनेच्या माणसाने मजुरी आणि महागाई सोडून फुलझाडांवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु दारापुढचा ताटवा हाही श्रमाचाच प्रश्न आहे, असे आम्ही मानतो.

आमचे वरकुटे इंदापूर तालुक्यात, म्हणजे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. या भागात वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस, आणि त्यातलाही बराचसा परतीचा. नीरेचा कालवा आणि १९८० साली पुरे झालेले उजनी धरण यांच्या पाण्यावर तालुक्यात ऊस उभा राहिला, हे खरे. पण अंगणातल्या झाडापाशी पाणी आपण होऊन येत नाही. ते कोणीतरी आणून घालावे लागते.

आता हिशेब करू. समजा, दहा फूट लांब व तीन फूट रुंद वाफ्यात हौसेने गुलाब-शेवंती लावली. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत रोज दोन घागरी म्हटल्या तरी २४० घागरी झाल्या. एका खेपेला पंधरा मिनिटे धरली, तर ६० तास. आठ तासांच्या पाळीने साडेसात दिवस. हे काम बहुधा घरातल्या बाईच्या किंवा मुलीच्या वाट्याला येते आणि त्याची हजेरी कोणी मांडत नाही. दारात नळ असेल तर खेप वाचते, पाणी वाचत नाही. तेव्हा झाड निवडताना, याला पाणी कोण घालणार, हे आधी विचारावे.

या कसोटीला उतरणारी झाडे आपल्या आसपासच आहेत. मागच्या ओळीत तरवड लावावा. हे आपल्याच माळाचे झुडूप; पिवळ्या फुलांनी भरते आणि गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. याच्या सालीवर चामडे कमावणाऱ्यांचा धंदा चाले. बी कठीण असते. ते गरम पाण्यात भिजवून जागेवरच पेरावे. बहर सरला की छाटावे. त्याच्या जोडीला काटेरी कोरांटी लावली, तर फूलही मिळते आणि कुंपणही होते.

मधल्या ओळीत सदाफुली. ही मूळची मादागास्करची. पण बारमाही फुलते आणि स्वतःच बी टाकून वाढते. १९५८ साली कॅनडातील संशोधकांनी तिच्यातून कर्करोगावरचे औषध वेगळे केले. म्हणून घरी काढा करून कोणी पिऊ नये. झाड विषारी आहे. तिला तहान सोसते, साचलेले पाणी सोसत नाही. काळ्या जमिनीत मुरूम व वाळू मिसळून वाफा वीतभर उंच करावा.

तिच्या शेजारी गुलबक्षी. उन्हाळ्यात वरचा पाला वाळला तरी जमिनीतला कंद जिवंत राहतो आणि पावसाबरोबर फुटतो. पुढच्या कडेला ऑफिस टाइम. तिच्या जाड पानांतच पाण्याची शिदोरी असते. ही फुलते ऊन चढल्यावर, गुलबक्षी फुलते सायंकाळी. एक कामावर जायच्या वेळेची, दुसरी सुटायच्या वेळेची!

कण्हेरही काटक आहे. पण तिचे सर्वांग विषारी. लहान मुले किंवा शेळ्या असलेल्या घरी ती टाळावी.

काटक झाडालाही पहिल्या वर्षी मूळ धरेपर्यंत पाणी लागते. म्हणून लागवड भर उन्हाळ्यात करू नये. जून-जुलैत करावी, म्हणजे पहिले पाणी पाऊस घालील. पुढे बुंध्याशी उसाचे पाचट पसरावे. आपल्याकडे ते पेटवून देतात. तेच अंथरले तर ओल टिकते आणि तण दबते. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, सकाळी, पाणी द्यावे.

यांतले एकही झाड विकत घ्यावे लागत नाही. तरवडाचे बी माळावर मिळते, गुलबक्षीचे काळे बी शेजारच्या दारात पडलेले असते, ऑफिस टाइमची काडी खोचली की लागते. ज्याच्याकडे असेल त्याने द्यावे, नसेल त्याने मागावे. एका आळीत असा बियांचा व्यवहार सुरू झाला, तर पुढच्या वसंतापर्यंत तेथे फुले असतील आणि त्यांच्यासाठी कोणाच्या डोक्यावर घागर चढलेली नसेल.