सिंहाचे गाणे आणि दहा शिलिंग



कामगार संघटनेचा माणूस गाण्यावर काय बोलणार, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. परंतु गाणे हेही कुणाच्या तरी श्रमाचे फळ असते. आणि श्रम आले की मोबदल्याचा हिशेब आलाच. अशा एका हिशेबाची ही दक्षिण आफ्रिकेतील हकिगत.

सॉलोमन लिंडा हा झुलू गवई पोटासाठी जोहान्सबर्गला आला. लिहितावाचता येत नव्हते. गॅलो या रेकॉर्ड कंपनीत तो मालाची बांधाबांध करी. १९३९ साली त्याच कंपनीने त्याचे ‘म्बुबे’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. म्बुबे म्हणजे सिंह. साथीदारांचा खर्जातला घोष आणि त्यावर लिंडाचा उंच आवाज! आयत्या वेळी त्याने एक सुरावट घेतली, तीच पुढे जगभर गेली. हक्क मात्र त्याने दहा शिलिंगांना कंपनीला लिहून दिले.

ती रेकॉर्ड अमेरिकेत पीट सीगर यांच्या हाती पडली. ‘उयिम्बुबे’ हा शब्द त्यांना ‘विमोवे’ असा ऐकू आला. त्याच नावाने ‘द वीव्हर्स’ या त्यांच्या पथकाचे गाणे १९५२ साली गाजले. १९६० साली मिरियम मकेबा यांनी ते मूळ झुलूत गायिले. १९६१ साली ‘द टोकन्स’ या पथकाने नव्या इंग्रजी शब्दांत म्हटले आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. ‘द वीव्हर्स’ आणि ‘द टोकन्स’ यांच्या गाण्यांवर कर्ता म्हणून लिंडाचे नाव नव्हते. १९६२ साली तो वारला, तेव्हा थडग्यावर दगड बसविण्याइतकेही पैसे घरात नव्हते. सीगर यांनी त्याला एक हजार डॉलर पाठविले होते, ही गोष्ट त्यांच्या खाती जमा धरू. पण देणगी निराळी आणि हक्क निराळा.

कोणी म्हणेल, त्याने राजीखुशीने लिहून दिले ना? मंडळी, गरजवंताने न वाचता केलेली सही ही राजीखुशी नव्हे. हे ब्रिटिश कायद्यालाही थोडेसे उमगले होते. १९११ च्या कायद्याप्रमाणे लेखकाने विकलेले हक्क त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी वारसांकडे परत येत. म्हणजे १९८७ सालीच ते लिंडाच्या मुलींचे झाले; पण हे त्यांना सांगणार कोण? १९९४ साली डिस्नेच्या ‘द लायन किंग’ चित्रपटात ते गाणे वाजले, तेव्हाही त्या गरिबीतच होत्या. अखेर जाणत्या वकिलांनी ते कलम शोधले, २००४ साली डिस्नेवर दावा लावला, आणि २००६ साली तडजोड झाली. मागचे देणे, पुढचा वाटा आणि सहरचनाकार म्हणून बापाचे नाव, तिन्ही पदरात पडले.

कलम कायद्यात असून भागत नाही. ते गरिबाच्या दारापर्यंत कोणीतरी नेऊन पोहोचवावे लागते. संघटना म्हणतात ती याहून वेगळी काही नाही.